कोयनेचे पाणी किती वाजता वापरायचे?

पाऊस लागला की सातारा-सांगलीकडच्या घरांत पेपर उघडल्यावर आधी एक चौकट वाचली जाते. कोयना किती मिलिमीटर, नवजा किती, महाबळेश्वर किती. आवक किती क्युसेक. धरणात आज किती टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. १०५.२५ हा धरणाच्या पूर्ण साठ्याचा आकडा इकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतो. एक जूनला धरणाचे तांत्रिक वर्ष सुरू होते, ३१ मेला संपते. मग आणखी एक हिशेब छापून येतो: पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी इतके पाणी गेले, पूर्वेकडे सिंचनासाठी इतके, वीज तयार झाली इतके दशलक्ष युनिट. हे सगळे मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. त्यात एक गोष्ट मात्र कधी वाचायला मिळाली नाही. त्या पाण्याचे रुपयांत मोल किती झाले आणि ते कोणाच्या पदरात पडले?

पाणी फुकट मिळते आणि कोळसा विकत आणावा लागतो, म्हणून पाण्यावरची वीज स्वस्त, असे आपण शाळेपासून ऐकतो. कोयनेपुरते तरी हे खरे नाही. इथले पाणी मोजून मिळते. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. आधीची काही वर्षे टप्प्याटप्प्याने कमी होत जाणारी सूट होती, ती केव्हाच संपली. एक जूनपासून पोफळीच्या वीजगृहाच्या दिशेने जाणारा प्रत्येक थेंब या ६७.५ मधून वजा होतो. जुलैत ओसंडून वाहणाऱ्या धरणातून गेलेला थेंबही त्यातलाच आणि एप्रिलच्या कडक उन्हात गेलेला थेंबही त्यातलाच. जी वस्तू वर्षाला ठरावीकच मिळते, आज वापरली की उद्या उरत नाही, आणि जिच्यावर दुसऱ्या कोणाचा तरी डोळा आहे, तिला फुकट म्हणता येणार नाही.

ही वस्तू किती वीज देते, हे कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन काढता येते. शिवसागराचे, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचे, पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पोफळीला उतरते तेव्हा पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडून अलोऱ्याच्या वीजगृहात ते आणखी शंभराहून थोडे जास्त मीटर उतरते. आपल्या गच्चीवर असते तशी हजार लिटरची एक टाकी एवढ्या उंचीवरून सोडली, तर जनित्रातली गळती धरूनही सुमारे १.४ युनिट वीज मिळते. एक टीएमसीत अशा २.८३ कोटी टाक्या बसतात. म्हणजे एका टीएमसीची साधारण ४ कोटी युनिट आणि ६७.५ टीएमसीची सुमारे २७० कोटी युनिट. पाऊस कितीही पडो, पश्चिमेच्या बाजूने कोयना वर्षाला देईल ती एवढीच वीज.

आता दुसरा आकडा घ्या. कोयनेची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. पहिल्या दोन टप्प्यांची ६००, तिसऱ्याची ३२०, चौथ्याची १,००० आणि धरणाच्या पायथ्याशी ४०. ही सारी यंत्रे वर्षभर अहोरात्र फिरली तर १,७०० कोटींहून जास्त युनिट तयार होतील. पाणी आहे जेमतेम त्याच्या सोळा टक्क्यांपुरते. सगळी जनित्रे पूर्ण ताकदीने चालवली तर वर्षाचे पाणी रोज पावणेचार तास पुरते, त्याहून जास्त नाही.

मग एवढी यंत्रे बसवली तरी कशाला? हा प्रश्न मी अनेक शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. चौथ्या टप्प्याने तर एका झटक्यात क्षमता दुपटीहून जास्त केली आणि पाणी एका थेंबाने वाढवले नाही. १३ मार्च १९९९ ला शिवसागराच्या तळाशी स्फोट करून लेक टॅपिंग झाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ते कौतुकाने पाहिले. २०१२ मध्ये पुन्हा तसेच झाले. तो एवढा खटाटोप जास्त वीज मिळावी म्हणून नव्हता. तीच वीज थोड्या तासांत दाबून मिळावी म्हणून होता. चौथ्या टप्प्याची आखणी करणाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते, आणि मला वाटते की महाराष्ट्राच्या वीज नियोजनातला तो सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय ठरला आहे. त्या वेळी हिशेब होता तो सकाळ-संध्याकाळच्या कमाल मागणीचा. आज तोच हिशेब कितीतरी पटीने मोलाचा झाला आहे, आणि त्याला कारण सूर्य आहे.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस भारताची सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. आपल्या राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॉटचे लक्ष्य आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणार, रात्री बांधावर बॅटरी घेऊन साप-विंचवांत फिरायला नको, ही फार मोठी गोष्ट आहे. पण पाच-साडेपाचला सूर्य कलला की ही सगळी वीज तासा-दीड तासात ओसरते. नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, एसी सुरू होतात. दुपारी भरपूर असलेली वीज सातला दुर्मीळ होते. वीज बाजारात हे रोज उघड दिसते. उन्हाच्या तासांत भाव दोन-तीन रुपये युनिटवर, कधी त्याच्याही खाली येतो. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तो दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. ती मर्यादा नियामकाने घातलेली आहे. नसती तर भाव आणखी वर गेला असता.

या भावांत कोयनेचा एक टीएमसी मोजून पाहा. दुपारी तीन रुपयांच्या भावाने तो १२ कोटींचा. संध्याकाळी दहा रुपयांच्या भावाने तोच ४० कोटींचा. पाणी तेच, बोगदा तोच, जनित्र तेच, चालवणारा माणूसही तोच. रोज संध्याकाळी भाव दहा रुपयांना टेकत नाही, हे मान्य. सरासरी सात रुपये धरली तरी फरक दुपटीहून जास्त उरतो. जलविद्युत केंद्राचे मूल्यमापन करताना युनिट मोजणे पुरत नाही, ते यामुळे. ते युनिट किती वाजताचे आहे हे मोजावे लागते. नॉर्वेसारख्या देशात जवळजवळ सगळी वीज पाण्यावरची आहे. तिथे धरण चालवणारे लोक दर आठवड्याला साठ्यातल्या पाण्याची किंमत काढतात. आज हे पाणी सोडले तर पुढे कधीतरी मिळू शकणारा किती पैसा आपण घालवतो, ती किंमत. बाजारभाव तिच्या वर असेल तर जनित्र चालवायचे, खाली असेल तर पाणी राखायचे. साधा शेतकरी कणगीतली ज्वारी कधी विकायची हे ठरवतो, तोच विचार.

वेळेचे मोल केवढे असते, ते एका रात्रीत साऱ्या देशाने अनुभवले आहे. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवा असे आवाहन झाले. काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने कोसळली आणि लगेच पुन्हा उसळली. कोळशाच्या संचाला एवढी उठबस झेपत नाही. जलविद्युत केंद्रांनी त्या अर्ध्या तासात सुमारे १७,५०० मेगावॉट निर्मिती कमी केली आणि पुन्हा तितक्याच झपाट्याने वाढवली. ग्रीड टिकले. त्या रात्री देशभरच्या धरणांनी जी सेवा दिली तिची किंमत युनिटांत मोजली तर उणे येईल, कारण त्यांनी वीज कमी केली होती!

मग कोयनेची किंमत आज कशी ठरते? व्यवस्था अशी आहे. धरण आणि वीजगृहे राज्य सरकारच्या जलसंपदा विभागाची. चालवते महानिर्मिती, दीर्घ भाडेपट्ट्यावर, आणि त्यासाठी विभागाला भाडे देते. वीज विकत घेते महावितरण. दर ठरवतो राज्य वीज नियामक आयोग, आणि तो ठरतो खर्चावरून: मूळ भांडवल, घसारा, व्याज, ठरावीक परतावा, देखभाल, भाडे. पहिल्या टप्प्यातले भांडवल १९५०-६० च्या दशकांतल्या रुपयांत आहे आणि त्याचा घसारा कधीच पूर्ण झाला आहे. म्हणून कोयनेची वीज राज्यातल्या सर्वांत स्वस्त विजेत मोडते. हे स्वस्त असणे त्या जुन्या खर्चाचे आहे. पाण्याची किंमत त्यात कुठेही नाही, तासाची तर नाहीच.

याचा परिणाम असा की कोयनेचे खरे मोल तिघांपैकी कोणालाच दिसत नाही. जलसंपदा विभागाचे भाडे पाणी दुपारी वापरले की संध्याकाळी, यावर बदलत नाही. महानिर्मितीचे उत्पन्नही मुख्यतः यंत्र सज्ज ठेवले का आणि एकूण युनिट किती झाले यावर. संध्याकाळी कोयना चालली म्हणून बाजारातली महाग वीज घ्यावी लागली नाही, हा फायदा महावितरणचा. पण तो वर्षाच्या हजारो कोटींच्या खरेदीत मिसळून जातो आणि कोणत्याही तक्त्यात वेगळा उमटत नाही. एकाच घरातले तीन खिसे, आणि घरात सोने किती आहे हे तिघांनाही ठाऊक नाही.

इथे मला एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. कोयना चालवणारे अभियंते पाणी उधळतात असे मी म्हणत नाही. उलट, जास्तीत जास्त पाणी कमाल मागणीच्या तासांसाठी राखायचे, ३१ मेपर्यंत ६७.५ चा कोटा पुरवायचा, मध्येच कुठे कोळशाचा संच बंद पडला तर धावून जायचे, ही तारेवरची कसरत ते रोज करतात आणि निष्ठेने करतात. पण हिशेब नसला की त्यांनी राखलेल्या या पाण्याची बाजू कोणी घेऊ शकत नाही. भर दुपारी टंचाई आली, वर दबाव आला, की सगळ्यांना पहिली आठवण कोयनेची होते, कारण कागदावर ती सर्वांत स्वस्त. स्वस्त म्हणून वापरून टाकलेले ते पाणी मे महिन्यातल्या संध्याकाळी किती महाग पडले, हे पुढे कोणी विचारत नाही.

पश्चिमेची बाजू इतकी. आता घाटमाथ्यावरून पूर्वेकडे वळू.

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते. तिथून खाली टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना आहेत. कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, सांगोला, मंगळवेढा असा हा सगळा दुष्काळी पट्टा त्यांच्यावर डोळे लावून असतो. पाण्याचे आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, यावर इथली पिके ठरतात, आणि कितीतरी लग्नेसुद्धा. उन्हाळ्यात कृष्णेच्या पात्रात पाणी टिकते त्यात कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा वाटा मोठा असतो. ते सोडताना पायथा वीजगृहात थोडी वीजही होते. पण तिथे उतार थोडा, म्हणून वीज थोडी. पोफळीला गेलेले पाणी मात्र वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. वाटेत काही उद्योगांना, काही गावांना त्याचा उपयोग होतो. बाकीचे सगळे समुद्राचे. हे अवजल, म्हणजे वीज करून झालेले पाणी, मुंबईला न्यावे अशी चर्चा अनेक वर्षे चालू आहे.

दर कमी पावसाच्या वर्षी म्हणून एकच भांडण उभे राहते. पूर्वेचे लोक म्हणतात, माणसे-जनावरे तहानलेली असताना पाणी समुद्रात कसले सोडता? वीज खाते म्हणते, वीज बंद केली तर भारनियमन करावे लागेल. मग मंत्रालयात बैठका, पालकमंत्र्यांचे फोन, मोर्चे, निवेदने. जो जोर लावेल त्याला पाणी. हे वर्षानुवर्षे पाहून मला सर्वांत जास्त वाईट याचे वाटते की दोन्ही बाजू खरे बोलत असतात आणि दोघांच्या हातात आकडा नसतो.

तो आकडा ढोबळमानाने काढता येतो. एक टीएमसी पाणी शेतावर एक मीटर उंचीइतके दिले तर सुमारे २,८०० हेक्टर भिजते. समजा, त्यामुळे हेक्टरी पन्नास हजार रुपये जास्तीचे निव्वळ उत्पन्न झाले, तर एका टीएमसीचे १४ कोटी. पण ते पाणी वर चढवायला वीज लागते. शंभर मीटर चढवायचे तर पंपाची गळती धरून एका टीएमसीला सुमारे १.१ कोटी युनिट. दुपारच्या तीन रुपयांच्या विजेने हा खर्च सव्वातीन कोटींच्या घरात, संध्याकाळच्या विजेने ११ कोटी. बऱ्याच ठिकाणी पाणी शंभर मीटरहून कितीतरी जास्त चढवावे लागते, तेव्हा खर्च त्याच पटीने वाढतो.

आता हे आकडे शेजारी ठेवा. दुपारी पोफळीला गेलेला टीएमसी १२ कोटींचा. पूर्वेला गेलेला, दुपारच्या विजेने उपसलेला, साधारण ११ कोटींचा. म्हणजे जवळपास बरोबरी. त्यात द्राक्ष-डाळिंबाची बाग असेल, प्यायचे पाणी असेल, चारा असेल, गाव सोडून ऊसतोडीला जावे न लागलेले कुटुंब असेल, तर पारडे पूर्वेकडे स्पष्ट झुकते. संध्याकाळचा टीएमसी मात्र ४० कोटींचा, निदान २८ कोटींचा. तिथे पश्चिमेचा दावा खरा ठरतो, कारण त्या पैशात पूर्वेला दुसरी पुष्कळ सोय करता येईल. माझा पन्नास हजारांचा अंदाज कोणी चाळीस करील, कोणी ऐंशी. करावा. वाद त्या आकड्यावर व्हावा, एवढेच तर मला हवे आहे.

या हिशेबातून जी दिशा निघते ती मला फार स्पष्ट दिसते. सूर्य डोक्यावर असताना पोफळीची जनित्रे थांबलेली असावीत आणि टेंभू-म्हैसाळचे पंप पूर्ण वेगाने चालू असावेत. सूर्य मावळला की पंप थांबावेत आणि जनित्रे सुरू व्हावीत. दुपारच्या स्वस्त सौर विजेने पाणी पूर्वेला चढेल, संध्याकाळच्या महाग तासांत पाणी पश्चिमेला उतरेल. उपसा योजनांच्या थकीत वीजबिलांसाठी पंप बंद पडतात आणि उभे पीक वाळते, हा प्रकार या पट्ट्याने अनेकदा सोसला आहे. दिवसाच्या दराने बिल आले तर ते कितीतरी हलके होईल. पश्चिमेकडचे ६७.५ टीएमसी पुरते संध्याकाळच्या तासांत गेले, की कमी पावसाच्या वर्षी त्यातले चार-पाच टीएमसी पूर्वेला द्यायचे का, हा निर्णयही आकड्यावर घेता येईल. कोणत्या तासांतले पाणी सोडतो आहोत आणि त्याची भरपाई किती, हे आधी कळलेले असेल.

पावसाळ्यात हे गणित पार उलटे होते, तेही सांगायला हवे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा धरणातल्या पाण्यापेक्षा धरणातली रिकामी जागा मोलाची होती. अशा वेळी पोफळीची जनित्रे अखंड चालवून जागा करणे शहाणपणाचे वाटते. पण ते पाणीही ६७.५ मध्ये धरले जाते, आणि उन्हाळ्याला तेवढे कमी उरते. शिवाय पलीकडे वाशिष्ठी आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा अवजलाच्या प्रश्नावर तिथल्या लोकांनी जाब विचारला. एकाच आठवड्यात घाटाच्या दोन्ही बाजूंना पाणी नकोसे झाले तर त्याची किंमत उणे असते, आणि तीही कुठे तरी मांडली गेली पाहिजे.

तीन-चार तासांच्या या भावफरकाची जाण सरकारी कागदांना नसली तरी पैसेवाल्यांना नीट आहे. राज्यात ठिकठिकाणी उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे करार होत आहेत: खालच्या तळ्यातले पाणी दुपारी वर चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडायचे. चार युनिट खर्च करून तीनच परत मिळतात, तरी भावातल्या फरकामुळे धंदा जमतो. घाटघरला असे २५० मेगावॉटचे केंद्र २००८ पासून आहे, भिरा येथे टाटांचा १५० मेगावॉटचा संच १९९० च्या दशकापासून. आता टाटा पॉवरने भिवपुरी आणि शिरवता इथे मिळून २,८०० मेगावॉटसाठी राज्य सरकारशी करार केला आहे. अंदाजे खर्च १३,००० कोटी. म्हणजे मेगावॉटला साडेचार कोटींहून जास्त. त्याच दराने कोयनेच्या यंत्रांची बदली किंमत काढली तर ती ९,००० कोटींच्या आसपास जाते, आणि त्यात शिवसागरासारखा जलाशय नव्याने बांधण्याचा खर्च धरलेला नाही. तो आज कोणालाही, कोणत्याही किमतीत बांधता येणार नाही.

शिरवता हे नाव मावळच्या लोकांना नवे नाही. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ चे, भिवपुरी १९२२ चे, भिरा १९२७ चे. गिरण्यांच्या मुंबईला वीज हवी होती म्हणून भीमेच्या खोऱ्यातले पाणी तेव्हाच पश्चिमेला वळले. मुळशी धरणात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या साथीने 'जान किंवा जमीन' म्हणत सत्याग्रह केला. त्यांच्या आंबेमोहराच्या खाचरांची किंमत त्या वेळच्या बाजारभावाने ठरली. शंभर वर्षांनी त्याच घाटमाथ्यावरच्या जुन्या तळ्यांना संध्याकाळच्या विजेमुळे नवा भाव आला आहे. हा भाव उंचीचा आहे, पावसाचा आहे, आणि त्या बुडालेल्या खाचरांचा आहे. कंपनीने शतकभर ही केंद्रे उत्तम चालवली, याबद्दल मला आदरच आहे. पण वाढलेल्या मोलात त्या खोऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न करार करताना विचारायचा असतो, नंतर नाही.

कोयनेतही तोच प्रश्न अजून उघडा आहे. धरणासाठी उठलेली गावे सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी विखुरली. साठ वर्षे होऊन गेली, तरी जमिनीच्या वाटपासाठी खातेदारांची तिसरी पिढी आंदोलनाला बसते. जे खोऱ्यात राहिले त्यांच्याभोवती १९८५ मध्ये अभयारण्य आले, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप याच लोकांनी झेलला. यातले काहीही कोयनेच्या विजेच्या दरात कधी आले नाही. महाराष्ट्राची वरदायिनी म्हणून कोयनेचे गोडवे गाताना स्वस्त वीज सगळ्यांनी वापरली, आणि त्या स्वस्ताईतला मोठा भाग या कुटुंबांनी आपल्या खिशातून भरला. हे भावनेचे बोलणे वाटेल, पण हा शुद्ध हिशेबाचा मुद्दा आहे. खर्चावर आधारलेल्या दरात जो खर्च केलाच नाही तो धरला जात नाही. पुनर्वसन अर्धवट ठेवले की वीज तेवढी स्वस्त दिसते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पाण्याला बाजारभावाची किंमत लावली तर वीज महाग होईल. आधीच महाराष्ट्रातले दर इतर राज्यांहून चढे आहेत. सामान्य माणसाचे बिल का वाढवायचे? मी बिल वाढवा म्हणत नाही. मोल मोजणे आणि ते ग्राहकाकडून वसूल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज कोयनेचा फायदा मिळतो तो सगळ्यांना सारखा: दोन खोल्यांच्या घरालाही आणि मोठ्या मॉललाही, आणि जो जास्त वीज वापरतो त्याला अर्थातच जास्त. तो तसाच ठेवायचा असेल तर तसे ठरवून ठेवावा. पण आधी तो केवढा आहे हे कळू द्या. माझ्या ढोबळ गणिताने, सात रुपयांच्या सरासरीने २७० कोटी युनिटांचे संध्याकाळचे मोल वर्षाला १,९०० कोटींच्या जवळ जाते. त्यातला दहावा हिस्सा जरी बाजूला काढला तरी कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांचे राहिलेले पुनर्वसन काही वर्षांत पुरे करता येईल आणि उपशाच्या बिलांनाही हातभार लागेल.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे. जनित्रे रोज चालू-बंद केली तर ती लवकर झिजतात. पोफळीची यंत्रे जुनी आहेत. हे खरे आहे, आणि म्हणूनच तासाचे मोल हिशेबात यायला हवे. आज दुरुस्तीचा प्रस्ताव जातो तेव्हा तो निव्वळ खर्च म्हणून जातो. मे महिन्याच्या एका संध्याकाळी २५० मेगावॉटचा एक संच चार तास बंद राहिला तर दहा लाख युनिट गेली, म्हणजे एका संध्याकाळचे एक कोटी रुपये. हे शेजारी लिहिलेले असेल तर दुरुस्तीची फाइल वर्षभर पडून राहणार नाही.

माझी मागणी मोठी नाही. नवे धरण नको, नवा कायदा नको, लवादाचे दार पुन्हा ठोठवायलाही नको. नियामक आयोगाने महानिर्मिती आणि महावितरणला सांगावे: दर महिन्याला कोयनेचा पाण्याचा ताळेबंद प्रसिद्ध करा. किती पाणी पश्चिमेला गेले, दिवसाच्या कोणत्या तासांत गेले, त्या तासांत बाजारात विजेचा भाव काय होता, किती पाणी पूर्वेला गेले आणि उपसा पंप कोणत्या तासांत चालले. सगळी माहिती आजही मोजली जाते; ती एका तक्त्यात मांडायची आहे. जलसंपदा विभागाने भाडेपट्ट्याचे नूतनीकरण करताना भाड्याचा एक भाग तासांच्या मोलाशी जोडावा आणि त्यातला ठरलेला हिस्सा पुनर्वसनाच्या वेगळ्या खात्यात जमा करावा. नव्या उदंचन प्रकल्पांच्या करारांतही हेच कलम आतापासून असावे, कारण ते करार पुढच्या दोन पिढ्यांना बांधून ठेवणार आहेत.

कोयना, नवजा, महाबळेश्वरच्या पावसाची ती चौकट यंदाही छापली जाईल. तिच्या खाली आणखी एक ओळ बसायला जागा आहे: काल संध्याकाळी सहा ते दहा किती पाणी पोफळीला गेले, दुपारी किती, आणि दोन्हींची किंमत काय. आटपाडीचा शेतकरी, चिपळूणचा दुकानदार आणि अजून जमिनीची वाट पाहणारा कोयनेचा खातेदार, तिघेही ती ओळ वाचतील.